अवकाशाचा फोटो ‘एडिट’ केला म्हणजे तो खोटा ठरतो का?

एखाद्या हौशी छायाचित्रकाराने गावच्या घराच्या गच्चीवरून टिपलेला देवयानी दीर्घिकेचा फोटो सोशल मीडियावर टाकला, की त्याखाली एक कमेंट हमखास येते : ‘फोटोशॉप आहे!’ शंका स्वाभाविक आहे. अंधाऱ्या जागेवरून नुसत्या डोळ्यांना देवयानी जेमतेम पुसट डागासारखी दिसते आणि फोटोत मात्र तिचे सर्पिल हात, धुळीचे पट्टे, रंग सगळे काही असते. पण प्रश्न फोटो एडिट केला का, हा नाहीच. एडिट करताना काय केले, हा आहे.

प्रोसेसिंगमध्ये नेमके काय होते?

देवयानी आपल्यापासून सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे दूर आहे. तिथून येणारा प्रकाश अतिशय क्षीण. त्यात पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, त्यामुळे एका जागी ठेवलेल्या कॅमेऱ्यात तारे रेघांसारखे उमटतात. म्हणून आकाशासोबत फिरणाऱ्या ट्रॅकरवर कॅमेरा लावून शेकडो फोटो काढले जातात. मग सॉफ्टवेअर ते एकावर एक जुळवून सरासरी काढते. यालाच ‘स्टॅकिंग’ म्हणतात.

यामागचे गणित सोपे आहे. दीर्घिकेचा प्रकाश प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो, नॉइजचे ठिपके मात्र दरवेळी बदलतात. 100 फोटोंची सरासरी काढली, की असा नॉइज साधारण एक दशांश उरतो. त्यानंतर ‘स्ट्रेचिंग’ करून काळोखात दडलेला भाग उजळला जातो. सिरिल, डीपस्कायस्टॅकर ही सॉफ्टवेअर त्यासाठी मोफत मिळतात. यात बाहेरून काहीच आणलेले नसते. जे टिपले गेले, तेच दिसू लागते.

मग रंग खरे असतात का?

नेहमीच नाही. हबल दुर्बिणीच्या 1995 मधील ‘पिलर्स ऑफ क्रिएशन’ या गाजलेल्या चित्रात सल्फरला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला आहे. प्रत्यक्षात सल्फर आणि हायड्रोजन या दोघांचाही तो प्रकाश लालच असतो. रंग वेगळे दिले म्हणून कोणता वायू कुठे आहे ते कळते. नकाशात डोंगर तपकिरी दाखवतात, तसेच हे. रंगांचा नियम सांगितलेला असेल, तर ती फसवणूक नाही.

खोटेपणा कुठे सुरू होतो?

जे टिपलेच नाही, ते चित्रात आले की. 2023 मध्ये एका युजरने चंद्राचा मुद्दाम धूसर केलेला फोटो संगणकाच्या पडद्यावर ठेवून मोबाइलने टिपला. मूळ चित्रात नसलेले बारकावे फोनच्या फोटोत उमटले! हे काम फोनमधल्या एआयचे होते. असा चंद्र स्टेटसला ठेवायला हरकत नाही, पण ते निरीक्षण नव्हे.

हा फरक का जपायचा, याचे उत्तर देवयानीनेच दिले आहे. इतक्यांदा टिपल्या गेलेल्या या दीर्घिकेशेजारी ऑक्सिजनच्या प्रकाशाची एक मोठी कमान आहे, हे 2022 पर्यंत कुणाच्या लक्षात आले नव्हते. मार्सेल ड्रेक्सलर, झेव्हियर स्ट्रॉटनर आणि यान सेंटी या हौशी मंडळींनी 100 तासांहून अधिक एक्सपोजर जमवून ती शोधली. दुसऱ्या दुर्बिणींतूनही खात्री करून घेतली आणि 2023 मध्ये हा शोध शास्त्रज्ञांसोबत प्रसिद्ध केला. ‘सुंदर दिसावे’ म्हणून एआयने तिथली पार्श्वभूमी गुळगुळीत केली असती, तर नॉइजसोबत कमानही पुसली गेली असती. आणि एआयनेच एखादी कमान रंगवली असती, तर खऱ्या कमानीवरही कुणी विश्वास ठेवला नसता.

म्हणून फोटो टाकताना चार गोष्टी सोबत लिहिण्याची सवय हवी : जागा, एकूण एक्सपोजर, वापरलेले फिल्टर आणि एआयचा वापर. आणि पाहणाऱ्यांनीही ‘फोटोशॉप आहे!’ असा निकाल देण्याआधी एवढेच विचारावे, ‘किती तासांचा आहे?’ ज्याने रात्र जागून फोटो काढला आहे, तो या प्रश्नाचे उत्तर आनंदाने देईल.