शब्दांच्या मागावर : ब्लिझर्ड

गेल्या माघात आमच्या परिचयाच्या एका बाईंना बॉस्टनहून मुलाचा दूरध्वनी आला. "उद्या ब्लिझर्ड येणार, घराबाहेर पडायचे नाही." बाईंनी कौतुकाने विचारले, "म्हणजे बर्फ पडताना दिसेल ना रे?" आम्ही तेथेच होतो, आणि आम्हीही हसून मान डोलावली. घरी येऊन कोश उघडला तेव्हा मात्र ओशाळलो.

हा शब्द मूळचा हवामानाचा नव्हेच. अमेरिकेत १८२९ मध्ये त्याची नोंद झाली ती 'जोराचा तडाखा' या अर्थाने; पुढे बंदुकीच्या बारालाही तो लावीत. १८७० साली आयोवातील एस्थरव्हिल या लहानशा गावच्या वृत्तपत्राने मार्चमधील एका हिमवादळाला हे नाव दिले, आणि १८८०-८१ च्या कडक हिवाळ्यानंतर ते सर्वतोमुखी झाले. व्युत्पत्ती हाती लागत नाही. विजेच्या जर्मन 'ब्लिट्झ'शी काहींनी नाते जोडले, पण त्यास पुरावा नाही. तो नुसत्या ध्वनीवरून घडला असावा, असे आम्हांस वाटते. आपला 'धडाका' नाही का तसाच?

तडाख्याचा तो जुना अर्थ आजही सुटलेला नाही. अमेरिकन हवामानखात्याच्या व्याख्येप्रमाणे ताशी ३५ मैल किंवा अधिक वेगाचा वारा आणि पाव मैलापलीकडचे न दिसणे, ही स्थिती निदान तीन तास टिकली तरच ते ब्लिझर्ड. आकाशातून नवे बर्फ पडलेच पाहिजे असे नाही; जमिनीवरचे उडाले तरी पुरते. म्हणजे कर्ता वारा, बर्फ हे केवळ त्याचे हत्यार!

१२ जानेवारी १८८८ रोजी डाकोटा व नेब्रास्काच्या मैदानांत सकाळ उबदार होती. मुले जाड कपडे न घालताच शाळेत गेली. वादळ अकस्मात आले, समोरचे काही दिसेना. कित्येक मुले घराच्या वाटेवरच गोठून गेली. त्या दिवशीच्या मृतांचा आकडा सुमारे २३५ सांगतात. ते वादळ शाळकरी मुलांच्याच नावाने ओळखले जाते.

तेव्हा आपल्याकडे त्याचे भाषांतर 'हिमवर्षाव' असे करतात, ते आम्हांस पटत नाही. त्यात वारा नाही आणि भयही नाही. 'हिमझंझावात' थोडा जड वाटला तरी चालेल.

हे सारे आम्ही त्या बाईंना सांगितले. त्यांनी निमूटपणे ऐकले आणि आमच्यासमोरच बॉस्टनला दूरध्वनी लावला.