रोग रुग्णालयाचा, भुर्दंड विद्यार्थ्याचा

वैद्यकीय शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी विद्यार्थी वॉर्डातील पोस्टिंगला जाऊ लागतो, तेव्हा अंगातील पांढऱ्या डगल्यामुळे आपण आता आजाराच्या पलीकडच्या तीरावर उभे आहोत, असे त्याला वाटू लागते. रोगजंतूंना मात्र हा भेद कळत नाही. सार्वजनिक रुग्णालयात खाटांपेक्षा रुग्ण अधिक असतात. दोन खाटांमधल्या जागेतही गाद्या टाकलेल्या असतात. खोकणाऱ्या रुग्णाची छाती तपासायला विद्यार्थी वाकतो, तेव्हा दोघांमध्ये वीतभराचेही अंतर उरत नाही. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश एकट्या भारतात आहेत. त्यातील पुष्कळांचे निदान ज्या वॉर्डात होते, तोच या विद्यार्थ्याचा वर्ग असतो. काही महिन्यांनी त्याला संध्याकाळचा बारीक ताप येऊ लागतो, वजन उतरते, आणि क्ष-किरण चित्र पाहायला शिकलेल्या त्याच्या डोळ्यांपुढे एके दिवशी त्याचे स्वतःचेच चित्र येते.

इथपर्यंतची हकीकत वैद्यकशास्त्राची आहे. पुढची हकीकत मात्र अर्थशास्त्राची आणि न्यायाची आहे.

आजार उघड केला तर हजेरी बुडते. परीक्षेस बसण्यासाठी तात्त्विक विषयांत ७५ टक्के आणि प्रात्यक्षिक व वॉर्डातील कामात ८० टक्के हजेरी आवश्यक असते. पदवी परीक्षेनंतर बारा महिन्यांची सक्तीची आंतरवासिता असते. २०२१ च्या विनियमांनुसार त्या संपूर्ण वर्षात पंधरा दिवसांची रजा मिळते. क्षयाचा उपचार बहुधा सहा महिन्यांचा, आणि त्यातले पहिले दोन आठवडे तरी रुग्णाने इतरांपासून दूर राहावे, असा सर्वसाधारण वैद्यकीय संकेत आहे. म्हणजे वर्षाची सारी रजा पहिल्या पंधरवड्यातच संपली! त्यानंतर औषधांनी मळमळ झाली, अशक्तपणाने पाय लटपटले, तरी कामावर उभे राहणे भाग, नाहीतर मुदत वाढते. अशा स्थितीत विद्यार्थी काय करतो? तो ताप लपवतो. तापाची गोळी घेऊन राउंडला उभा राहतो, आणि ज्यांची सेवा करायची त्या दुबळ्या रुग्णांनाच रोग वाटत फिरतो. आजाऱ्याला शिक्षा करणारा नियम आजार कमी करीत नाही. तो आजाराला फक्त अदृश्य करतो.

हा भुर्दंड सर्वांवर सारखा पडत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. डॉक्टर आईबापांच्या मुलाचे एक सत्र वाया गेले तर घरात हळहळ होते. परंतु ज्या शेतमजुराने कर्ज काढून मुलीला शहराच्या वसतिगृहात ठेवले, त्याच्या दृष्टीने सहा महिने म्हणजे सहा महिन्यांची खानावळ, सहा महिन्यांचे व्याज आणि सहा महिने लांबलेली पहिली कमाई. रोग दोघांना एकाच वॉर्डात झाला. त्याची किंमत मात्र ऐपतीच्या उलट्या प्रमाणात वसूल झाली.

कारखान्याच्या बाबतीत समाजाने हा हिशेब पूर्वीच मांडला आहे. उत्पादनाच्या ओघात होणारी इजा हा उत्पादनखर्चाचाच भाग होय, आणि तो कामगाराच्या शरीरातून वसूल करता कामा नये, हे तत्त्व १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने मान्य केले. त्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातील व्यावसायिक रोगांच्या यादीत आरोग्यसेवेच्या व प्रयोगशाळेच्या कामातून जडणारे संसर्गजन्य रोग अंतर्भूत झाले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ही यादी पुढे चालवली. म्हणजे वॉर्डातील पगारी नोकराला तेथला रोग जडला तर तो कामाचा रोग ठरू शकतो. त्याच खाटेशी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला तोच रोग जडला तर ते त्याचे नशीब!

‘विद्यार्थी हा कामगार नव्हे’ असे यावर उत्तर दिले जाईल. हे उत्तर टिकणारे नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमानेही शिकाऊ उमेदवाराला कामगार मानलेले नाही. तो प्रशिक्षणार्थी आहे, असेच त्यात स्पष्ट म्हटले आहे. तरीही शिकता शिकता अपघाताने इजा झाली तर मालकाने भरपाई द्यावी, अशी तरतूद त्याच अधिनियमाच्या सोळाव्या कलमात आहे. लेथवर शिकणाऱ्या मुलाचे बोट तुटले तर कायदा त्याच्या पाठीशी उभा राहतो. रक्त काढायला शिकणाऱ्या मुलीला दूषित सुई टोचली तर तिच्या पाठीशी कोण उभे राहते? हिपॅटायटिस बीची लस तीन मात्रांत पूर्ण होते. एचआयव्हीचा धोका टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. रात्री दोन वाजता सुई टोचलेल्या विद्यार्थिनीने ती औषधे मागायची कोणाकडे, आणि ‘तू निष्काळजीपणा केलास’ हे ऐकून न घेता ती मिळतील काय, हा खरा प्रश्न आहे.

शिवाय गरज पडली की शासनाला हा विद्यार्थी कामगार म्हणून चालतो. ३ मे २०२१ रोजी, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, एमबीबीएसच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना दूरध्वनीवरील सल्ला आणि सौम्य रुग्णांवरील देखरेख यांसाठी घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने केला. कोविडच्या कामावर येणाऱ्यांना लस आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या विमा योजनेचे छत्रही देऊ केले. ते योग्यच झाले. परंतु महासाथीत जे न्याय्य ठरले ते क्षयाच्या बाबतीत अन्याय्य कसे ठरेल? क्षयाची साथ कोणी जाहीर करीत नाही, कारण ती कधी संपलेलीच नाही.

उपाय अज्ञात आहेत असेही नाही. नॉर्वेत ऑस्लो येथील उलेव्हॉल रुग्णालयात हाइमबेक या डॉक्टरने १९२४ पासून शिकाऊ परिचारिकांची प्रवेशाच्या वेळीच ट्युबरक्युलिन चाचणी सुरू केली. प्रवेशाच्या वेळी ज्यांना क्षयाचा संसर्ग झालेला नव्हता त्या सुमारे निम्म्या मुलींपैकी जवळजवळ सर्वांना शिक्षण पुरे होईपर्यंत तो झाला, आणि क्षयाने आजारी पडणाऱ्या प्रामुख्याने त्यांतल्याच होत्या. रोग रुग्णालयातून येतो हे त्याने अनुमानाने नव्हे, मोजणीने दाखवले, आणि पुढे त्या मुलींना बीसीजी लस देण्यास आरंभ केला. मोजल्यावाचून जबाबदारी निश्चित होत नाही. आणि जबाबदारी नको असलेली संस्था मोजणीच टाळते.

आपल्याकडे मोजणीची जागा गौरवाने घेतली आहे. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, क्षयाने गेल्या. परदेशातील थंडी, न मानवणारे अन्न आणि अभ्यासाचे कष्ट यांत विद्यार्थिदशेतच त्यांची प्रकृती ढासळली होती. त्यांच्या त्यागाला महाराष्ट्राने वंदन केले, ते उचितच आहे. परंतु त्या काळी क्षयावर औषध नव्हते. आज ते आहे. ज्या हानीवर उपाय उपलब्ध आहे, तिला त्याग म्हणणे ही हानी करणाऱ्याची सोय आहे. ‘डॉक्टरने एवढे सोसलेच पाहिजे’ असे वॉर्डात ऐकवले जाते. त्यातून विद्यार्थी सोसणे शिकतो खरा, पण पुढे रुग्णाच्या सोसण्याकडेही त्याच कठोरपणे पाहायला शिकतो.

सवलत दिली तर खोटी आजारपणे वाढतील, ही भीती प्रत्येक कामगार कायद्याच्या वेळी मालकांनी व्यक्त केली आहे. त्यासाठी तपासणी असते. आणि वैद्यकीय महाविद्यालयात तपासणाऱ्या डॉक्टरांची उणीव खचितच नाही.

मागण्या मोजक्या आहेत. वॉर्डात पहिले पाऊल पडण्यापूर्वी लसीकरण पूर्ण व्हावे. प्रवेशाच्या वेळी आणि पुढे दरवर्षी क्षयाची तपासणी व्हावी, आणि तिचे आकडे नावे वगळून प्रसिद्ध व्हावेत. वॉर्डात खेळती हवा आणि योग्य मुखपट्ट्या असाव्यात. त्यांचा लाभ रुग्णांनाही तितकाच होईल. आजारपणाची रजा हजेरीच्या हिशेबातून वगळावी, आणि बुडालेले काम सत्र न बुडवता भरून काढण्याची सोय असावी. आणि वॉर्डात जडलेला रोग, मग तो विद्यार्थ्याला जडो, इंटर्नला जडो वा सफाई कामगाराला, कामाचा रोग मानून त्याचा उपचार व भरपाई रुग्णालय चालवणाऱ्याने करावी. सफाई कामगाराचे नाव येथे ओघात आलेले नाही. कंत्राटावर राबणारा हा माणूस त्याच हवेत श्वास घेतो, तीच सुई कचऱ्यातून उचलतो, आणि त्याचे गाऱ्हाणे ऐकायला विद्यार्थ्यांइतकेही कोणी नसते. विद्यार्थ्यांनी आपली मागणी त्याच्या मागणीशी जोडली तर ती एका वर्गाची सवलत न राहता हक्काची मागणी होईल.