मागच्या सीटवरची फियाट



मागच्या महिन्यात मी अकरा हजार डॉलर वाचवले. म्हणजे मी खर्च करायला हात वर केला होता, पण समोरच्याने माझ्यानंतरही वर केला, म्हणून वाचले! बायकोच्या मते हा या वर्षातला माझा सगळ्यात चांगला आर्थिक निर्णय, आणि तोही मी घेतलेला नाही.

झालं असं, की आई-बाबा सहा महिन्यांसाठी इकडे एडिसनला आले आहेत. नायगारा झाला, वॉशिंग्टन झालं, ब्रिजवॉटरचं देऊळ दोनदा झालं. तिसर्‍या महिन्यात बाबा सकाळी सातला उठून पार्किंग लॉटमधल्या गाड्या मोजायला लागले, तेव्हा म्हटलं, आता काहीतरी केलं पाहिजे. त्याच आठवड्यात ऑफिसात जेवता जेवता जुन्या गाड्यांच्या लिलावाची एक यादी चाळत होतो. (हा नाद कधीपासूनचा ते विचारू नका.) मस्टँग, कॅमेरो, मस्टँग, कॉर्व्हेट, आणि एकदम मधेच: १९६३, फियाट ११०० डी, क्रीम रंग. फोटो उघडला आणि हातातला घास तसाच राहिला. अहो, ही तर आमची पद्मिनी! डावीकडे स्टिअरिंग असलेली, एवढाच काय तो फरक.

आपल्यापैकी बर्‍याच जणांना वाटतं की पद्मिनी म्हणजे अस्सल मुंबईची गाडी. ते चूकही नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या गाड्या जुळवल्या जायच्या, मग पन्नाशीच्या दशकात फियाट आली. पहिल्या गोलगरगरीत फियाटला मुंबईने प्रेमाने 'डुक्कर फियाट' हे नाव दिलं. नंतर ही ११०० डी आली: चौकोनी अंग, मागे दोन इवलेसे पंख, पुढच्या दाराला ती तिकोनी काच, १०८९ सीसीचं इंजिन. इटलीने हे मॉडेल १९६६ मध्ये बंद केलं. आपण मात्र सोडलं नाही! फियाटशी करार संपल्यावर तिची 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली, मग १९७४ पासून 'पद्मिनी', आणि पार २००० च्या आसपासपर्यंत ती बनत राहिली. काळ्या-पिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही गेली. आणि हीच ११०० साठच्या दशकात थोड्याफार संख्येने अमेरिकेतही विकली गेली होती. म्हणून ती पेनसिल्व्हेनियात सापडली.

आमची गाडी १९८२ ची. बाबांनी १९९४ मध्ये सेकंडहँड घेतली, तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. नवी घ्यायची तर आधीच्या काळात नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, आणि परवडायला तर हवी! लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांनी बारा हजारांची फियाट घेतली, तीसुद्धा पाच हजारांचं बँकेचं कर्ज काढून. ते गेल्यावर ललिताबाईंनी ते पेन्शनमधून फेडलं. पंतप्रधानांची ही कथा, तर वागळे इस्टेटमधल्या सुपरवायझरची काय सांगावी.

दर मे महिन्यात ठाण्याहून सांगलीला जायचं. पुढे आई-बाबा, मागे मी, ताई, आजी आणि लाडवांचा डबा. बोरघाटात गाडी तापायची म्हणजे तापायचीच. शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबायचं, बॉनेट उघडायचं, आई एक नाणं द्यायची ते मी देवाला टाकायचो. बाबा रेडिएटरवर फडकं टाकून पाणी ओतायचे, आम्ही कठड्यावर बसून लाडू खायचो. माझ्या आठवणीत त्याहून सुंदर पिकनिक नाही. नंतर एक्सप्रेसवे झाला, २०२० मध्ये अमृतांजन पूलही पाडला.

२००७ साली मला इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन मिळाली आणि त्याच महिन्यात गाडी विकली. चौदा हजारांना, कुर्ल्याच्या भंगारवाल्याला. जिथे जन्मली तिथेच गेली म्हणा. मला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण मी काय समजायचं ते समजलो. माझ्या फीसाठी बाबांनी गाडी विकली. हा काटा मी अठराएक वर्षं वागवतोय. इथे पहिली कॅमरी घेतली, तेव्हाही टोचला होता.

आता कळलं का, त्या फोटोने घास का अडला?

शनिवारी बाबांना घेऊन निघालो. कुठे ते सांगितलं नाही. दोन तासांवर एक गाव, जत्रेच्या मैदानावर पत्र्याची मोठी शेड. टीव्हीवर स्कॉट्सडेलचं बॅरेट-जॅक्सन पाहिलं असेल तर ते विसरा. तिथे दिवे, कॅमेरे, सूट. इथे हॉट डॉग, पातळ कॉफी, आणि टोप्या घातलेले साठीचे आजोबा. कागदपत्रं दाखवून पॅडल घेतलं, त्यावर माझा नंबर. नियमही वाचले: गाडी जशी आहे तशी, आणि अंतिम बोलीवर दहा टक्के लिलाववाल्यांचे. शिवाय टॅक्स, शिवाय घरी आणायचा ट्रक. अकराचे साडेतेरा कधी होतात कळत नाही. मी मनाशी आकडा ठरवला: आठ हजार. एक पैसा वर नाही.

बाबांना लिलाव नवा नाही. आजोबा सांगलीला हळद घेऊन यायचे, त्या सौद्यांना ते लहानपणी बरोबर असायचे. 'लिलाव' हा शब्दच मुळात पोर्तुगीज, आपल्याकडे येऊन इतका मुरला की परका वाटत नाही. बाबा पाच मिनिटं ऐकून म्हणाले, "हा लवकर बोलतोय म्हणून काही नाही. आकडे दोनच आहेत, आत्ताचा आणि पुढचा. बाकी सगळी फोडणी." त्या माणसाची अशी चिरफाड मला दहा वर्षांत जमली नव्हती.

मग मी त्यांना मागच्या रांगेत नेलं. फियाट तिथे उभी होती. मला वाटलं होतं, बाबा थबकतील, डोळे पाणावतील वगैरे. बाबांनी चष्मा पुसला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "लोहचुंबक आहे का?" माझ्याकडे कुठून असणार! मग कॉफीच्या स्टॉलवरच्या बाईंच्या फ्रीजवरचा एक मागून आणला. बाबांनी तो दारांच्या खालच्या कडेवरून फिरवला. दोन ठिकाणी चिकटला, तीन ठिकाणी टपकन पडला. "इथे पत्रा नाही, पुट्टी आहे. वरून रंग." मग चटईचं टोक उचलून पाय ठेवायच्या जागी अंगठ्याने दाबून पाहिलं. काही बोलले नाहीत, फक्त 'हं' म्हणाले. कुठलीही जुनी गाडी घेणार असाल तर मंडळी, एवढं कराच. चकाकी वरच्या पत्र्यावर असते, गाडी खालच्या पत्र्यावर उभी असते.

आणि तरीही मी बोली लावली!

तीन हजारला सुरू झाली. पाचपर्यंत चौघे होते, सातला दोघे उरलो: मी आणि हिरवी टोपी घातलेला एक गृहस्थ. आठला माझा आकडा संपला. पण हात संपला नाही. "साडेआठ?" हात. "साडेनऊ?" हात. मला गाडी दिसतच नव्हती. शिंग्रोबा दिसत होता, लाडवांचा डबा दिसत होता. अकरा हजारला माझं पॅडल वर होतं आणि लिलाववाला हिरव्या टोपीकडे पाहत होता. साडेअकरा. तो परत माझ्याकडे वळला. मी बाबांकडे पाहिलं. ते गाडीकडे नाही, माझ्याकडे पाहत होते. मी पॅडल खाली ठेवलं. एकवार, दोनवार, तीनवार. गेली.

आपण इंजिनिअर लोक, म्हणून एक गोष्ट सांगतो. १९७१ साली एका तेल कंपनीतल्या तीन इंजिनिअरांनी एक पेपर लिहिला. समुद्रातल्या तेलाच्या लिलावात जिंकणार्‍या कंपन्यांना पुढे अपेक्षेएवढा फायदा का होत नाही, हा प्रश्न. उत्तर सोपं आहे: दहा जण अंदाज करतात, काहींचा कमी, काहींचा जास्त, आणि लिलाव जिंकतो तो ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त चुकलेला. याला 'विजेत्याचा शाप' म्हणतात. पण तेलाची निदान एक खरी किंमत असते. आठवणीची ती नसते. म्हणून 'फास्ट अँड फ्यूरियस' सिनेमातली १९९४ ची टोयोटा सुप्रा २०२१ मध्ये साडेपाच लाख डॉलरना जाते. ज्यांनी ती पोस्टरवर पाहिली, ती मुलं आता कमावती झाली. आधीच्या पिढीने मस्टँगांना वर चढवलं ते असंच. सतराव्या वर्षी जे परवडलं नाही, ते माणूस पन्नाशीत व्याजासकट विकत घेतो.

परत येताना मी गप्प होतो. बाबांनीच विचारलं, "एवढं काय अडलं होतं रे त्या गाडीवाचून?"

मग बोललोच सगळं. फी, चौदा हजार, तो काटा. बाबा आधी गोंधळले, मग चक्क हसायला लागले.

"फीसाठी? कोणी सांगितलं तुला? तुझी फी होती सत्तर हजार. चौदा हजारांत कसली फी भरतोस? इंजिनिअर ना तू?"

मंडळी, इतक्या वर्षांत मी ही वजाबाकी एकदाही केली नव्हती.

"मग विकली का?"

"तळ कुजला होता. तुझी आई बसायची तिकडचा. पावसात तिच्या पायावर खालून पाणी उडायचं. घाटात उतरताना मी ब्रेकवर पाय ठेवून मारुती स्तोत्र म्हणायचो, मनातल्या मनात. मागे तुम्ही गाणी म्हणत होता. गाडी गेली त्या रात्री मला झोप कशी छान लागली, सांगू?"

म्हणजे गाडी एकच होती, पण आम्ही दोघे दोन वेगळ्या गाड्यांतून जात होतो. मागच्या सीटवरून पिकनिक दिसत होती, पुढच्या सीटवरून टेंपरेचरचा काटा. जुन्या गाड्यांचं हे जे प्रेम आहे ना, ते बहुतेक मागच्या सीटवरच्यांचं असतं. धक्का मारणार्‍याचं नसतं. आणि मी जे कर्ज फेडायला गेलो होतो, ते मला कोणी दिलंच नव्हतं.

एक सांगायचं राहिलं. निघण्यापूर्वी त्या हिरव्या टोपीवाल्यानेच बाबांना हाक मारली. त्याने चुंबकाचा प्रयोग पाहिला होता. त्याच्या वडिलांकडे अशीच गाडी होती म्हणे. बाबांनी त्याला तीनही जागा बोट ठेवून दाखवल्या, मी दुभाष्या. तो म्हणाला, बसायचंय का? बाबा बसले. क्लच दाबला आणि डावा हात गिअरसाठी स्टिअरिंगच्या बाजूला गेला. तिथे काहीच नव्हतं. लेफ्ट हँड ड्राइव्ह ना, गिअर उजवीकडे. तो हात क्षणभर तसाच हवेत राहिला. मग त्यांनी उजव्याने पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असे शांतपणे टाकून पाहिले, दार हळूच लावलं आणि "थँक्यू" म्हणाले.

घरी आल्यावर आईला सगळी हकीकत सांगितली. ती कणीक मळत म्हणाली, "चौदा हजार ना? त्यातूनच तुझ्या होस्टेलचं डिपॉझिट भरलं. आणि झोप कसली डोंबलाची! त्या दिवशी जेवले नव्हते हे."

पेपराच्या मागून आवाज आला, "पोट बिघडलं होतं."

असो. हिशोब कोणाचा बरोबर ते मी आता काढणार नाही. मित्रहो, तुम्हीही कधी अशा लिलावाला जाणार असाल तर आकडा आधी ठरवा, चुंबक घरून न्या, आणि जमलं तर ज्याने ती गाडी चालवली होती त्याला बरोबर न्या. तो नसेल, तर निदान त्याच्या सीटवर बसून एकदा विचार करा.

काल रात्री बाबांनी सहज विचारलं, "ते शेडमधलं परत कधी असतं रे?"

"घ्यायची आहे का?" मी.

"छे! बघायला. आणि तो चुंबक त्या बाईंना परत द्यायचा राहिलाय."