जवारी आणि गोंगाट

आपल्या संस्थेच्या मागील बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी तरुण मंडळींच्या मासिक श्रवणसत्रासंबंधी जे उद्गार काढले, त्यांचा प्रतिवाद तेथल्या तेथे व्हावयास हवा होता. तो माझ्या हातून झाला नाही. तेवढ्यात चहा आला, विषय बदलला, आणि घरी परतताना मात्र सारी उत्तरे एकेक करून सुचत गेली. तेव्हा या पानांचा आश्रय घेत आहे. त्या सभासदांविषयी मला नितांत आदर आहे. त्यांच्या मताविषयी नाही.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : पाश्चात्त्य रॉक म्हणजे गोंगाट. गोंगाटात सूर नसतो. आणि ज्यात सूर नाही ते ज्या गावाने ख्यालाला घर दिले त्या गावाच्या मराठी सभागृहात वाजता कामा नये. सबब तरुणांना सभागृह द्यावयाचे तर कार्यक्रम आधी कार्यकारिणीने तपासावा. यांतील पहिले विधान पुष्कळ अंशी खरे आहे, दुसरे साफ खोटे आहे, आणि दुसरे कोसळल्यावर तिसऱ्याला उभे राहावयास जागा उरत नाही. अशी माझी भूमिका आहे, आणि ती मी एकाच ध्वनिमुद्रिकेच्या आधारे मांडणार आहे. तीही अशी निवडली आहे की जिच्या गोंगाटाविषयी कोणाचेच दुमत नसावे.

ती ध्वनिमुद्रिका म्हणजे ‘द जीझस अँड मेरी चेन’ या स्कॉटिश वाद्यवृंदाचा पहिला अल्बम, ‘सायकोकँडी’. नोव्हेंबर १९८५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. चौदा गाणी, आणि सगळी मिळून चाळीस मिनिटांच्या आत संपणारी. आमच्या लष्करातील वाड्यात ती प्रथम वाजली ती नातवाच्या खोलीत, आणि मीही प्रथम दारावर थाप मारून तेच म्हणालो जे आपले सभासद म्हणाले. त्यावर चिरंजीव उत्तरले, “आजोबा, तीन वेळा ऐका, मग बंद करायला सांगा.” तीन वेळा ऐकण्याची अट आमच्या घरात नवी नव्हे. माझ्या वडिलांनी ती मला टप्प्याच्या बाबतीत घातली होती, तेव्हा नाही म्हणणे कठीण होते.

पहिल्या वेळी ऐकू येते ती खरखर. गिटार वाजत नसून कोणी पत्रा कापीत आहे असा भास होतो. मधूनच किंकाळीसारखा एक तीव्र, लांबलेला आवाज उठतो आणि गायकाचे शब्द त्याखाली बुडतात. दुसऱ्या वेळी त्या खरखरीच्या मागे कोणीतरी अगदी हलक्या, जवळपास आळसावलेल्या आवाजात गात आहे हे ध्यानी येते. तिसऱ्या वेळी चाल हाती लागते, आणि मग नवल वाटते : ती चाल इतकी साधी, इतकी गोड, इतकी चटकन ओठांवर येणारी असते की दुसऱ्या दिवशी दाढी करताना मी ती गुणगुणत होतो. पहिल्याच गाण्याच्या, ‘जस्ट लाइक हनी’च्या, आरंभीचा ढोलाचा ठेका अमेरिकेतील ‘द रॉनेट्स’ या मुलींच्या गायकवृंदाच्या १९६३ सालच्या ‘बी माय बेबी’ या गाण्याची उघड आठवण करून देतो. म्हणजे ज्यांना आपण संगीताचे शत्रू समजतो, त्यांनी आपल्या पदार्पणाचा पहिलाच ठोका पूर्वसूरींना नमस्कार करून दिला.

हे लोक कोण? जिम आणि विल्यम रीड हे दोघे भाऊ ग्लासगोजवळच्या ईस्ट किलब्राइड या गावचे. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने आखून वसविलेले हे नवे नगर. वडील कारखान्यात कामाला होते; त्यांची नोकरी गेली, आणि नोकरी सुटताना मिळालेल्या पैशांतून थोडी रक्कम त्यांनी मुलांना दिली. तिच्यातून घरी ध्वनिमुद्रण करण्याचे एक लहान यंत्र आले. बेकार बापाने बेकार मुलांना गाण्यासाठी पैसे द्यावेत ही गोष्ट आमच्या घराण्यांतून घडली असती का, हा प्रश्न मी येथेच सोडून देतो. डग्लस हार्टच्या बास गिटारला तेव्हा सगळ्या तारा नव्हत्या. बॉबी गिलेस्पी उभा राहून अवघे दोन ढोल वाजवी. विद्वत्ता म्हणाल तर शून्य. पण ऐकणे मात्र अफाट होते : एकीकडे साठीच्या दशकातील मुलींच्या वृंदांची गोड गाणी, दुसरीकडे न्यूयॉर्कच्या ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’चा कर्णकटू प्रयोग. ही दोन टोके एकाच गाण्यात एकाच वेळी वाजवावीत, हा त्यांचा शोध. एकानंतर एक नव्हे, एकाच वेळी. या मुद्द्याकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे अशी विनंती आहे.

आता त्या खरखरीचे शास्त्र पाहू. विजेच्या गिटारीचा आवाज ध्वनिवर्धकातून बाहेर पडतो, तोच परत येऊन तारेला हलवितो, हललेली तार पुन्हा ध्वनिवर्धकात जाते, आणि हे चक्र फिरत राहून एक अखंड स्वर उभा राहतो. वादक गिटार किंचित वळवून, जवळ-दूर होऊन त्या स्वराला वळण लावतो. दुसरी युक्ती अशी की विद्युत्‌लहरीचे माथे मुद्दाम छाटावयाचे. छाटल्याने मूळ स्वरात नसलेले कितीतरी वरचे स्वरांश उत्पन्न होतात, आणि आपल्या कानाला ते खरखरीसारखे लागतात. म्हणजे ही खरखर स्वराच्या अभावाने होत नाही. ती स्वरांशांच्या गर्दीने होते.

आणि येथेच मी आपल्या ज्येष्ठ सभासदांना त्यांच्याच दिवाणखान्यातील तंबोऱ्यापाशी घेऊन जाऊ इच्छितो. तंबोऱ्याची घोडी सपाट, रुंद आणि किंचित उतरती का असते? तारेखाली ते रेशमाचे वा सुताचे तंतू आपण का सरकवितो? तार घोडीच्या पृष्ठभागाला घासून जावी आणि आवाज स्वच्छ न येता झणझणत, गुणगुणत, एका स्वरातून दहा स्वर सांडीत यावा म्हणूनच ना? त्यालाच आपण जवारी म्हणतो, आणि जवारी नीट लागली नाही तर गवई गावयास बसत नाही. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर लिहिताना हेच दाखवून दिले की तार ज्या बिंदूवर छेडली असता पाश्चात्त्य नियमानुसार काही स्वरांश उमटूच नयेत, तेथे छेडली तरी तंबोरा आणि वीणा यांत ते खणखणीत उमटतात. आणि हा सारा चमत्कार घोडीचा. स्वच्छ तारेला मुद्दाम ‘अस्वच्छ’ करून तिच्यातून नादाचे धुके उत्पन्न करणे, आणि त्या धुक्यात स्वर ठेवणे, ही कल्पना ज्या संस्कृतीने शेकडो वर्षे जोपासली, तिच्या वारसांनी रीड बंधूंच्या गिटारीला ‘सूर नाही’ म्हणावे याला काय म्हणावे?

दोन्हींत फरक नाही असे मला म्हणावयाचे नाही. जवारी गायकाला आधार देते, रीड बंधूंचा गोंगाट गायकाशी झोंबतो. तंबोऱ्याचे धुके शांत आहे, हे धुके चावरे आहे. परंतु हा स्वभावाचा फरक झाला. यावरून एक संगीत आणि दुसरे असंगीत असे ठरत नाही.

कोणी म्हणतील, गणपतीच्या मिरवणुकीत भिंतीएवढे ध्वनिवर्धक लावून छाती हादरविणारा जो प्रकार चालतो, त्याचेही मग समर्थन करा. नाही करणार. मोठा आवाज आणि गोंगाट या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या चर्चेत त्यांची सतत गल्लत होते. मिरवणुकीतील यंत्राचा आवाज कमी केला की मागे काही उरत नाही. ‘सायकोकँडी’ शेजारच्या खोलीतील वृद्धाची झोपमोड न होईल इतकी हळू लावली तरी तिची खरखर तशीच राहते आणि चालही तशीच राहते, कारण दोन्ही रचनेतच आहेत. मी स्वतः ती आता तशीच ऐकतो.

गोंगाट हा केवळ कमकुवत चालींवर टाकलेला पडदा होता, हाही एक जुना आक्षेप आहे, आणि तो तपासता येतो. १९८७ साली याच भावांनी ‘डार्कलँड्स’ हा दुसरा अल्बम काढला, आणि त्यातून ती खरखर जवळजवळ सगळीच काढून टाकली. चाली उभ्या राहिल्या. ताठ उभ्या राहिल्या. म्हणजे पडद्यामागे काही नव्हते हा आक्षेप गेला. पण त्याहून मनोरंजक गोष्ट अशी की तो अल्बम चांगला असूनही लोक परतून जातात ते पहिल्याकडे. २००३ साली ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’ या चित्रपटाच्या अखेरीस वाजले ते ‘जस्ट लाइक हनी’. १९९८ मध्ये दोघा भावांत वितुष्ट आले आणि १९९९ मध्ये वृंद मोडला, २००७ मध्ये पुन्हा जुळला, आणि पुढे २०१४-१५ मध्ये रंगमंचावर आरंभापासून अखेरपर्यंत सलग वाजविला गेला तो अल्बमही ‘सायकोकँडी’च. प्रसिद्धीच्या वेळी ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत तो पहिल्या तिसांतही पोहोचला नव्हता. आज चाळीस वर्षांनंतर ग्वाल्हेरमधील एक अठरा वर्षांचा मुलगा तो ऐकतो, ज्याच्या आईबापांचेही तेव्हा लग्न झालेले नव्हते.

याचे कारण माझ्या मते असे. गोड चाल गोड वाद्यांवर वाजली की ती आपल्याकडे चालून येते आणि आपण ती विसरतो. येथे चाल आपल्याकडे येत नाही. आपल्याला तिच्याकडे जावे लागते, काटे बाजूस सारावे लागतात. जी वस्तू श्रमाने मिळाली ती जवळ राहते. शिवाय त्या गोंगाटात एक खरेपणा आहे. कामधंदा नसलेल्या गावात प्रेमाचे गाणे कसे ऐकू येत असेल? नितळ तर नक्कीच नाही.

दोषही सांगितले पाहिजेत. शब्द बेताचे आहेत आणि काही ठिकाणी पोरकट. १९८५ साली हे लोक पंधरा-वीस मिनिटे वाजवून, प्रेक्षकांकडे पाठ करून निघून जात, आणि त्यावर्षी मार्चमध्ये उत्तर लंडनच्या एका पॉलिटेक्निकमधील कार्यक्रमानंतर प्रेक्षकांनी मोडतोड केली. ते वर्तन मला मान्य नाही. पण आपल्या बैठकींतून उशिरा येणारे, न गाता उठून जाणारे गवई आणि त्यांच्या लहरींचे किस्से आपणच किती रंगवून सांगतो, तेही आठवावे.

आता राहिला ग्वाल्हेरचा प्रश्न. या गावच्या नावाने नवे नाकारावे, इतके हे गाव सोवळे कधीच नव्हते. हद्दू-हस्सू खाँसाहेबांनी बडे महंमद खाँ यांची तानबाजी पडद्याआडून ऐकून उचलली असे परंपरा सांगते, आणि त्यांच्या गायकीतील एका तानेचे नाव ‘कडक बिजली’ असे होते. ती घेताना हस्सू खाँचा प्राण गेला, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो. गडगडाटाचे नाव तानेला देणाऱ्या गावाला गडगडाट वर्ज्य कसा? जिवाजीगंजातील सरोदघर पाहा : काबूलकडचा रबाब, त्याच्या पट्टीवर धातूचा पत्रा बसला, तातीच्या जागी धातूच्या तारा आल्या, तेव्हा कोठे आजचा सरोद झाला. त्या पहिल्या धातूच्या आवाजाला कोणीतरी नाक मुरडले नसेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

सर्वांत बोलके उदाहरण तर हार्मोनियमचे. परदेशी, कर्कश, मींड न निघणारी पेटी म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली. ती तीसएक वर्षे टिकली. त्याच पेटीवर ठुमरी फुलविण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते भैया गणपतराव कोठले? याच गावचे, याच राजघराण्यातले. बंदी घालणाऱ्यांची नावे आज किती जणांना ठाऊक आहेत, आणि आपल्यापैकी कोणाच्या घरी आज पेटी नाही?

आपली घराणी येथे आली ती लष्कराबरोबर. दौलतरावांची छावणी १८१० च्या सुमारास येथे पडली, ती हलली नाही, आणि तिचेच शहर झाले. नावही तेच राहिले. या भूमीच्या जुन्या रहिवाशांना आपली भाषा, आपली भजने, आपले ताशे प्रथम कसे वाटले असतील याची कल्पना करण्यास फार प्रतिभा लागत नाही. तरीही त्यांनी आपल्याला जागा दिली.

आपल्या तरुणांची स्थिती अशी आहे की घरात मराठी बोलणारे, पण संस्थेची पायरी न चढणारे असे अनेक आहेत. त्यांतील काही जण महिन्यातून एकदा संस्थेत येऊन, खुर्च्या स्वतः मांडून, एकत्र बसून काही ऐकू इच्छितात आणि त्याविषयी मराठीत बोलू इच्छितात. मराठीत! मागील सत्रात एकाने गिटारीच्या त्या खरखरीला ‘जवारी बिघडलेली’ असे म्हटले. मला ते वाक्य कित्येक व्याख्यानांहून मोलाचे वाटले. त्या मुलांचा कार्यक्रम आधी तपासावयाचा ठराव पुढील बैठकीत येणार आहे असे कळते. मी त्याच्या विरुद्ध मत देणार आहे, आणि आपणही द्यावे अशी विनंती करतो.

मतदानापूर्वी अर्धा तास मला मिळावा. मी घरचा तंबोरा घेऊन येईन, नातू त्याचे यंत्र घेऊन येईल. आधी तंबोरा जुळवू, जवारी उघडू, पाच मिनिटे नुसता तोच ऐकू. मग लगेच, मध्ये काही न बोलता, ‘सायकोकँडी’ची पहिली तीन गाणी. आवाज बेताचा ठेवू. ज्येष्ठ सभासदांसाठी दाराजवळची खुर्ची राखून ठेवली आहे; त्यांनी तिसऱ्या गाण्यानंतर उठावे.