वर्ध्याचा ठराव, नागपूरचे भाषण आणि यादीबाहेरचे ज्यू

वाडी (नागपूर) : नागपूर शहराची दाटी मागे टाकून अमरावती मार्गाला लागले, की वाडी येते. अंबाझरीची आयुध निर्माणी, मालवाहतूकदारांची गोदामे आणि रस्त्याच्या कडेला उभे राहणारे ट्रक यांच्या आधाराने हे गाव वाढले आणि नगर परिषदेपर्यंत पोहोचले. येथील असंख्य कुटुंबे कोठून तरी आलेली आहेत. कोणी भंडारा-गोंदियातून, कोणी छत्तीसगडमधून, तर कोणी उत्तर प्रदेश-बिहारमधून. 'बाहेरचा कोण' हा प्रश्न अशा वस्तीत विचारला जातो, तेव्हा विचारणाऱ्यालाही आपल्या घरातील जुनी कागदपत्रे आठवतात.

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न वारंवार विचारला गेला. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व सुधारणा कायदा संमत झाला, तेव्हा नागपुरात त्याच्या समर्थनार्थ निघालेल्या मोर्चात केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांचे भाषण झाले आणि विरोधकही रस्त्यावर आले. जानेवारी २०२५ मध्ये उशिरा नोंदविलेल्या जन्मदाखल्यांवरून वाद उसळला आणि राज्य सरकारने असे दाखले देणे थांबवून विशेष तपास पथक नेमले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. त्या वेळी जाहीर झालेल्या आकडेवारीनुसार राज्यातील सर्वाधिक पाकिस्तानी नागरिक नागपुरात होते. सुमारे अडीच हजार. त्यांत मोठा भरणा सिंधमधून आलेल्या हिंदूंचा होता आणि दीर्घ मुदतीचा व्हिसा असलेल्या हिंदूंना या आदेशातून वगळण्यात आले.

या वादात दोन्ही बाजू एक दाखला हमखास देतात, तो ज्यूंचा. कायद्याचे समर्थक इस्राएलकडे बोट दाखवितात : जगातील कोणत्याही ज्यूला तो देश नागरिकत्व देतो, मग भारताने हिंदूंना का देऊ नये? विरोधक १९३५ च्या जर्मनीची आठवण करून देतात : ज्यूंच्या छळाची सुरुवात नागरिकत्व काढून घेण्यापासूनच झाली होती. दोन्ही दाखल्यांत सोयीचा भाग किती आणि खरा किती, हा स्वतंत्र विषय आहे. परंतु ज्यू निर्वासितांना भारतात आसरा द्यावा की नाही, हा वाद येथे, विदर्भाच्या भूमीवर, एकदा प्रत्यक्ष होऊन गेला आहे. त्याची आठवण मात्र कोणालाच फारशी नाही.

नोव्हेंबर १९३८ च्या ९ आणि १० तारखांना जर्मनीत ज्यूंची दुकाने फोडली गेली, प्रार्थनामंदिरे जाळली गेली, हजारोंना छळछावण्यांत डांबले गेले. त्याआधी जुलैमध्ये फ्रान्समधील एव्हियाँ येथे ३२ देशांचे प्रतिनिधी जमले होते. बहुतेकांनी सहानुभूती व्यक्त केली आणि दारे बंदच ठेवली. या पार्श्वभूमीवर वर्ध्याजवळच्या सेगावात (१९४० नंतरचे सेवाग्राम) गांधीजींनी 'हरिजन'साठी ज्यूंवर लेख लिहिला. तो २६ नोव्हेंबरला प्रसिद्ध झाला. ज्यूंविषयी संपूर्ण सहानुभूती व्यक्त करताना त्यांनी ज्यूंच्या स्थितीची तुलना हिंदू समाजातील अस्पृश्यतेशी केली, पॅलेस्टाइन अरबांचे आहे असे सांगितले आणि जर्मन ज्यूंना सत्याग्रहाचा मार्ग सुचविला. हा सल्ला जेरुसलेममध्ये राहणारे तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांना पटला नाही. फेब्रुवारी १९३९ मध्ये त्यांनी गांधीजींना लिहिलेले उत्तर आजही वाचले जाते. लेखात गांधीजींनी अन्यायाचे वर्णन नेमके केले. निर्वासितांनी जावे कोठे, याचे उत्तर मात्र त्यात नव्हते.

त्यानंतर तीनच आठवड्यांच्या आत वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीची बैठक झाली. युरोपचा दौरा करून नुकतेच परतलेले जवाहरलाल नेहरू ज्यू निर्वासितांना भारतात येऊ द्यावे या मताचे होते. अध्यक्षपदी सुभाषचंद्र बोस होते आणि त्यांना हा विचार अजिबात रुचला नाही. अखेर जो ठराव झाला तो अतिशय तोलून-मापून लिहिलेला होता : जे ज्यू निर्वासित तज्ज्ञ आहेत, जे भारतातील नव्या व्यवस्थेत सामावू शकतात आणि येथील वेतनमान स्वीकारतात, त्यांना नोकरी देण्यास समितीची हरकत नाही. सुभाषबाबूंचा राग तरीही गेला नाही. मार्च १९३९ मध्ये नेहरूंना लिहिलेल्या प्रदीर्घ पत्रात, भारताला ज्यूंचे आश्रयस्थान बनविण्याच्या त्या प्रयत्नाने आपण थक्क झालो होतो, असे त्यांनी सुनावले. नेहरूंचे उत्तर अधिक बोलके आहे. ज्यूंना मदत करणे इष्टच होते, पण ठरावामागील विचार तो नव्हता. विज्ञान आणि उद्योगासाठी उत्तम माणसे कमी पगारात मिळतील, हा होता, असे त्यांनी लिहिले.

ज्याला त्या काळातील ज्यूंचा भारतीय कैवारी म्हटले जाते, त्यालाही आपल्याच सहकाऱ्यांपुढे माणुसकीचे कारण पुढे करणे अवघड वाटले आणि 'स्वस्तात तज्ज्ञ' हे कारण सोपे वाटले, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. अर्थात ठरावाला कायद्याचे बळ नव्हते. सीमेवरचे दार ब्रिटिशांच्या हाती होते.

डिसेंबर संपता-संपता हाच विषय नागपुरात आला. हिंदू महासभेचे अधिवेशन येथे भरले होते आणि अध्यक्ष होते विनायक दामोदर सावरकर. भारतातील ज्यू अल्पसंख्य आहेत, त्यांनी हिंदूंना कधी उपद्रव दिलेला नाही, असे त्यांनी अध्यक्षीय भाषणात मान्य केले. परंतु बाहेरून नव्या ज्यू वसाहती आणण्याच्या कल्पनेला त्यांनी स्पष्ट विरोध केला. पुढच्याच वर्षी नागपुरातून प्रसिद्ध झालेल्या गोळवलकर यांच्या 'वुई ऑर अवर नेशनहूड डिफाइन्ड' या पुस्तकात तर जर्मनीने ज्यूंचे जे उच्चाटन चालविले होते त्याकडे हिंदुस्थानने घेण्याजोगा धडा म्हणून पाहिले गेले. हे पुस्तक आपल्या भूमिकेचे प्रतिनिधित्व करीत नाही, असे संघाने २००६ मध्ये म्हटले. सावरकरांनी १९४७ च्या डिसेंबरमध्ये ज्यू राष्ट्राच्या निर्मितीचे स्वागत केले, हीही नोंद त्याच्या शेजारीच ठेवायला हवी.

सेगाव, वर्धा आणि नागपूर. जेमतेम ७५-८० किलोमीटरच्या पट्ट्यात आणि पाच-सहा आठवड्यांत देशातील प्रमुख राजकीय प्रवाहांनी या प्रश्नावर आपापले मत नोंदविले. त्यांतील कोणीही येथील ज्यूंना शत्रू मानले नाही. आणि तरीही दार उघडावे, असे निःसंदिग्ध शब्दांत कोणी सांगितले नाही.

भारतात ज्यूद्वेष कधीच नव्हता, हे वाक्य आपण अभिमानाने उच्चारतो. ते बव्हंशी खरेही आहे. अलिबागजवळच्या नवगाव किनाऱ्यावर आपले पूर्वज गलबत फुटून उतरले, असे बेने इस्रायली मानतात. कोकणात त्यांनी घाणे चालविले, शनिवारी काम बंद ठेवले म्हणून 'शनवार तेली' हे नाव मिळविले. पेणकर, रोहेकर, केहीमकर अशी आडनावे घेतली आणि घरात मराठीच बोलली. कोणी त्यांना वेगळ्या वस्तीत कोंडले नाही, कोणी वेगळी खूण लावायला सांगितले नाही. परंतु शतकानुशतके शेजारी राहिलेल्याचा द्वेष न करणे ही एक गोष्ट आणि आज रात्री बंदरावर उतरलेल्या अनोळखी माणसाला आत घेणे ही दुसरी. पहिलीसाठी सवय पुरते, दुसरीसाठी कायदा लागतो. १९३८ मध्ये असा कायदा नव्हता आणि आजही नाही. भारताने १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर स्वाक्षरी केलेली नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही.

त्या वेळी जे आले ते कसे आले? हजार ते दोन हजारांच्या दरम्यान ज्यू निर्वासित भारतात पोहोचले, असे अंदाज आहेत. सरकारवर त्यांचा भार पडणार नाही, अशी हमी कोणीतरी द्यावी लागे. मुंबईत १९३४ मध्ये स्थापन झालेल्या ज्युइश रिलीफ असोसिएशनने ती अनेकांसाठी दिली. डॉक्टर मंडळी आली तेव्हा येथील व्यवसायबंधूंनी स्पर्धेच्या भीतीने कुरबुर केली. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटताच हिटलरपासून पळालेल्या या माणसांना 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' म्हणून नगरच्या छावणीत डांबण्यात आले. चौकशीनंतर पुष्कळांची सुटका झाली. काहींना पुढे पुरंदर आणि साताऱ्यात नजरेखाली ठेवण्यात आले. नाझींनी ज्यू म्हणून हाकलले आणि ब्रिटिशांनी जर्मन म्हणून पकडले!

'तज्ज्ञ हवेत' या वर्ध्याच्या कसोटीला त्यांतले काही पुरेपूर उतरले, हेही खरे. आकाशवाणीची ओळखधून ज्यांच्या नावाशी जोडली जाते ते वॉल्टर कॉफमन हे अशाच निर्वासितांपैकी. व्हिएन्नाचे इमॅन्युएल श्लेसिंजर आणि चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांनी मुंबईत हुसेन, आरा आणि नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले रझा यांच्या पाठीशी उभे राहून आधुनिक चित्रकलेला हात दिला. परंतु ज्याला धून बांधता येत नव्हती की चित्र पारखता येत नव्हते, अशा ज्यू शिंप्याचे किंवा कारकुनाचे काय, हा प्रश्न ठरावाने विचारला नव्हता.

याउलट उदाहरण कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील आहे. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले, राहिले. त्यांच्याकडून कोणी कौशल्याचा पुरावा मागितला नाही. मात्र ते युद्धकाळातील पाहुणे होते, त्यांना नागरिक करण्याचा प्रश्नच नव्हता. ते गेल्यावर त्याच बराकींत फाळणीनंतर आलेले सिंधी राहू लागले आणि आजचे गांधीनगर उभे राहिले. नागपुरातील जरीपटक्याची कहाणीही त्याच लोंढ्याची.

आता इस्राएलच्या दाखल्याकडे. १९५० चा 'परतीचा कायदा' हा नागरिकत्व सुधारणा कायद्याच्या समर्थकांचा आवडता आधार आहे. १९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे २६ हजार ज्यू होते; २०११ मध्ये ते पाच हजारांच्याही आत आले. छळ हे त्यांच्या जाण्याचे कारण नव्हते. पण तेथे पोहोचलेल्या बेने इस्रायलींना १९६० च्या दशकाच्या आरंभी निराळाच अनुभव आला. नागरिकत्व तत्काळ मिळाले, मात्र इतर ज्यूंशी विवाह करायचा तर त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी, असा आदेश तेथील धर्मपीठाने काढला. कोकणातून गेलेल्या या मराठी माणसांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, तेव्हा ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेने, बेने इस्रायली हे सर्वार्थाने ज्यूच आहेत, असे जाहीर केले आणि धर्मपीठाला नमते घ्यावे लागले. धर्म ही नागरिकत्वाची कसोटी ठरली, की त्या धर्माचा अस्सलपणा कोण ठरविणार हा प्रश्न मागोमाग येतोच.

महाराष्ट्रात राहिलेल्या ज्यूंना राज्य सरकारने २०१६ मध्ये अल्पसंख्याकाचा दर्जा दिला. त्याआधी २००६ मध्ये खारघरला हिटलरच्या नावाने उपाहारगृह निघाले, तेव्हा त्यांना रस्ता ओलांडून समजावून सांगावे लागले होते, की हे नाव गमतीचे नाही. ते बदलले गेले. मालकाच्या मनात द्वेष असण्यापेक्षा अज्ञान असण्याचीच शक्यता अधिक. नोव्हेंबर २००८ मध्ये नरिमन हाउसवर झालेला हल्ला मात्र अज्ञानातून नव्हता. पाकिस्तानातून आलेल्या दहशतवाद्यांनी मुंबईच्या गर्दीत ती इमारत मुद्दाम शोधून काढली, ती तेथील माणसे ज्यू होती म्हणून. ऑक्टोबर २०२३ नंतर गाझावरून येथे जे तट पडले, त्यांत इस्राएल सरकारवरील टीका आणि ज्यूंवरील राग यांतील सीमारेषा दोन्हीकडून पुसट केली गेली. कोणी टीकेलाच द्वेष म्हटले, तर कोणी द्वेषाला टीकेचे कपडे घातले.

या सगळ्या चर्चेत ज्यूंचे नाव इतक्या वेळा येते, की मूळ कायदा वाचणाऱ्याला एका गोष्टीचे आश्चर्य वाटावे. २०१९ च्या कायद्यात पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती अशा सहा समाजांचा उल्लेख आहे. ज्यूंचा नाही. त्या देशांत ज्यू उरलेच कोठे, असे यावर उत्तर मिळू शकते आणि ते बहुतांशी बरोबरही आहे. काबूलमधील शेवटचा ज्ञात ज्यू सप्टेंबर २०२१ मध्ये देश सोडून गेला. पण ते का उरले नाहीत?

कराचीतील ज्यू समाजात मोठा वाटा मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलींचा होता. कोकणातून, मुंबईतून ते नोकरी-धंद्यासाठी तेथे गेले होते. कराची नगरपालिकेत सर्व्हेअर असलेल्या सॉलोमन डेव्हिड यांनी १८९३ मध्ये तेथे 'मागेन शालोम' हे प्रार्थनामंदिर बांधले. अब्राहम रूबेन यांच्यासारखे बेने इस्रायली त्या शहराचे नगरसेवक झाले. १९४८ मध्ये इस्राएलची स्थापना होताच या मंदिरावर हल्ला झाला. बहुतेकांनी मुंबईची वा इस्राएलची वाट धरली, उरलेले १९५६ आणि १९६७ च्या युद्धांनंतर पांगले. मंदिर १९८८ मध्ये पाडण्यात आले. ज्या सिंधमधून जरीपटक्याची कुटुंबे आली, त्याच सिंधमधून, त्याच काळात आणि त्याच भीतीने ही मराठी कुटुंबेही निघाली होती.

नागपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना डिसेंबर २०१६ मध्ये, देशातील इतर पंधरा जिल्ह्यांप्रमाणे, नागरिकत्व देण्याचे अधिकार मिळाले, तेही याच सहा समाजांपुरते. सप्टेंबर २०२५ च्या केंद्रीय आदेशाने ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्यांना पारपत्राविना राहण्याची सवलत दिली, तीही त्यांनाच. गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावच्या वसाहतीत अर्धशतकाहून अधिक काळ राहणारे तिबेटी बौद्ध आहेत, पण चीन हा देश यादीत नाही. मार्च २०२४ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार अर्जदाराने आपण कोणत्या समाजाचे आहोत याचा स्थानिक समाजसंस्थेचा दाखला जोडायचा असतो. त्या दाखल्यात नमूद करता येतील अशी नावे सहाच आहेत.