जुन्या रूपाचें नवें यंत्र

‘जुनें तें सोनें’ ही म्हण आपल्या घराघरांतून नित्य ऐकूं येते. पण ती यंत्रांना लावण्याचें धाडस सहसा कोणी करीत नाहीं. यंत्र जितकें नवें तितकें चांगलें, असेंच आपण गृहीत धरतों. अशा काळांत विशी-पंचविशीच्या तरुणांना आजोबांच्या वेळच्या घडणीची मोटारसायकल हवीशी वाटावी, आणि मोठमोठ्या कारखानदारांनीं ती मुद्दाम तशा रूपाची करून विकावी, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. वाटोळा दिवा, थेंबाच्या आकाराची टाकी, आऱ्यांचीं चाकें, लांब सरळ बैठक आणि उघडें दिसणारें, दोन सिलिंडर शेजारीं शेजारीं उभे केलेलें एंजिन : असें या वाहनांचें रूप असतें. ज्या घरांत मुलें वयांत आलीं आहेत, तेथें हा विषय आज ना उद्यां निघणारच. तेव्हां मोहाचें मूळ कोठें आहे, हें वडीलमंडळींनीं आधींच समजून घेतलेलें बरें.

या रूपाचें मूळ इंग्लंडांत आहे. १९३७ सालीं ट्रायम्फ कंपनीनें ‘स्पीड ट्विन’ नांवाची गाडी काढली. तिचा कर्ता एडवर्ड टर्नर. जोडसिलिंडरचें एंजिन त्यानेंच प्रथम केलें असें नव्हे. त्याच कंपनीसाठीं व्हॅल पेज यानें १९३३ सालीं ६५० घनसेंटिमीटरचें तसें एंजिन केलें होतें, पण तें बोजड होतें. टर्नरनें ४९८ घनसेंटिमीटरचें एंजिन इतकें आटोपशीर केलें कीं, तें एकसिलिंडरी गाडीच्या सांगाड्यांत सहज बसलें. दुसरें महायुद्ध संपतांच बी. एस. ए., नॉर्टन, रॉयल एन्फील्ड या कारखान्यांनींहि तोच मार्ग धरला. १९५९ सालीं ट्रायम्फची ‘बॉनव्हिल’ निघाली. हें नांव अमेरिकेंतील यूटा संस्थानांतल्या क्षारभूमीवरून घेतलेलें. तेथें १९५६ सालीं ट्रायम्फच्या एंजिनावर चालणाऱ्या एका वाहनानें ताशीं २१४ मैलांचा वेग गाठला होता.

पुढें मात्र दिवस फिरले. १९६९ सालीं होंडानें चार सिलिंडरांची, बटण दाबतांच सुरू होणारी गाडी बाजारांत आणली. तिच्यापुढें लाथ मारून सुरू करावयाचीं, अंग थरथरविणारीं व तेल गळणारीं इंग्रजी यंत्रें फिकीं पडलीं. रॉयल एन्फील्डचा इंग्लंडांतील कारभार १९७० सालीं आटोपला. ट्रायम्फच्या मेरिडन येथील कामगारांनीं सहकारी तत्त्वावर आपला कारखाना कांहीं वर्षें चालविला. पण १९८३ सालीं तोहि बंद पडला.

येथेंच ही कथा संपावयाची. पण तसें झालें नाहीं. जॉन ब्लूर या गृहस्थानें ट्रायम्फचें नांव विकत घेऊन हिंकली येथें नवा कारखाना उभारला, आणि २००१ च्या सुमारास जुन्या रूपाची नवी बॉनव्हिल रस्त्यावर आली. आपल्या दृष्टीनें अधिक कौतुकाची हकीकत रॉयल एन्फील्डची आहे. १९५५ सालीं मद्रासेंत या कंपनीची हिंदी शाखा निघाली. मूळ वृक्ष उन्मळून पडला तरी ही फांदी जगली, नव्हे, तीच वृक्ष झाली. तिनें इंग्लंडांत स्वतःचें संशोधनकेंद्र काढलें, आणि ‘इंटरसेप्टर’ हें जुनें इंग्रजी नांव देऊन नोव्हेंबर २०१८ मध्यें ६४८ घनसेंटिमीटरची जोडसिलिंडरी गाडी भारतांत विक्रीस काढली. आज ती तामिळनाडूंत घडते आणि इंग्लंडांत विकली जाते! पुण्याजवळ चाकण येथेंहि बजाजच्या कारखान्यांत २०२३ पासून ट्रायम्फच्या नांवाची गाडी तयार होऊं लागली. ती एकसिलिंडरी आहे, पण वळण तेंच.

आतां या मोहाच्या मुळाशीं जाऊं. आजकालचीं बहुतेक वेगवान वाहनें प्लॅस्टिकच्या आवरणांत झांकलेलीं असतात. त्यांत कोठें काय चाललें आहे, हें पाहणाऱ्यास कळत नाहीं. या गाड्यांत एंजिन हेंच भूषण. दोन सिलिंडर, त्यांतून निघून दोन्ही बाजूंनीं मागें जाणाऱ्या धुराच्या नळ्या, सारें उघड्यावर. जें दिसतें तें समजतें, आणि जें समजतें त्यावर जीव जडतो. आपल्या वडिलांना घड्याळ उघडून पाहण्याची जी हौस होती, तीच ही.

परंतु रूप जुनें असलें तरी पोटांतील यंत्र जुनें नाहीं. टर्नरच्या एंजिनांत दोन्ही पिस्टन एकदमच वर जात व एकदमच खालीं येत. स्फोट मात्र आळीपाळीनें होत, त्यामुळें आवाज एकसारखा निघे. पण दोन्ही पिस्टनांचें वजन एकाच वेळीं हेलकावे खाई, आणि त्या कंपानें स्वाराच्या हातांस मुंग्या येत. नव्या घडणींत दोन पिस्टनांमध्यें पाव फेऱ्याचें अंतर ठेवतात. एक पिस्टन टोकास जाऊन थबकतो, तेव्हां दुसरा भर वेगांत असतो. त्यामुळें दुहेरी गतीचा कंप परस्परांस मारून टाकतो, आणि उरलेल्याचें निवारण करण्यास एक वेगळा तोलदंड फिरत असतो. यामाहा कंपनीनें १९९५ सालीं ही योजना आपल्या एका गाडींत आणली. इंटरसेप्टरमध्यें तीच आहे, आणि २०१६ पासून मोठ्या बॉनव्हिलमध्येंहि तीच आली. गंमत अशी कीं, ज्या ठेक्याच्या आवाजावर तरुण लुब्ध होतात व ज्यास ते ‘जुना आवाज’ म्हणतात, तो टर्नरच्या गाडींतून कधींच निघाला नव्हता!

मग ही फसवणूक म्हणावयाची काय? आमचें मत असें कीं, सरसकट तसें म्हणतां येणार नाहीं. येथें भेद केला पाहिजे. पुरण पाट्यावर न वाटतां यंत्रांतून काढलें, म्हणून पुरणपोळी खोटी ठरत नाहीं. पण समईंत वात न ठेवतां विजेचा दिवा बसविला, तर ती समई राहत नाहीं, समईचें सोंग होतें. इंटरसेप्टरच्या सिलिंडरांभोंवतीं ज्या पातळ पट्ट्या आहेत, त्या खरोखरच वाऱ्यानें एंजिन थंड राखण्याच्या कामीं येतात. नव्या मोठ्या बॉनव्हिलचें एंजिन पाण्यानें थंड होतें. तेथें पट्ट्या मुख्यतः शोभेच्या. तिच्यांत इंधन संगणकाच्या हुकुमानें फवारलें जातें, पण फवाऱ्यास रूप दिलें आहे जुन्या कार्ब्युरेटरचें. पहिल्या प्रकारांत परंपरा कामास लागली आहे, दुसऱ्यांत ती मुखवटा होऊन बसली आहे. विकत घेणाऱ्यानें एवढें ओळखावें, मग खुशाल घ्यावें. हा विवेक केवळ मोटारसायकलीपुरता नाहीं. घरांतील कोणती रीत अजून काम करते आणि कोणती नुसती शोभेची पट्टी होऊन राहिली आहे, हा प्रश्न एकत्र कुटुंबांत रोजच पडत असतो.

असो. आतां घरच्या प्रश्नाकडे वळूं. या गाड्यांचें सौम्य रूप पाहून वडीलमंडळी निश्चिंत होतात. तसें होऊं नये. इंटरसेप्टरचें वजन २०० किलोंहून अधिक असून तिचें बळ सुमारें ४७ अश्वशक्तीचें आहे. इंग्लंडांत एवढ्या बळाच्या गाडीचा परवाना १९ वर्षें पूर्ण झाल्याखेरीज मिळत नाहीं; त्याहून बलवान् गाडीस, मधला परवाना न घेतल्यास, २४ वर्षांपर्यंत थांबावें लागतें. आपल्याकडे कायद्यानें १८ वर्षें पूर्ण झालीं कीं वाटेल त्या शक्तीची मोटारसायकल चालवितां येते. जी पायरी कायद्यानें घातली नाहीं, ती घरानें घालावी. मुलानें किंवा मुलीनें आधीं लहान गाडी दोन पावसाळे नीट चालवावी. ती पुसावी, तिचें तेल बदलावें, साखळी ताणावी. मग मोठीचें नांव काढावें. शिरस्त्राण स्वारानेंहि घालावें आणि मागें बसणारानेंहि. कायदा दोघांनाहि सारखाच आहे. मूळ सायलेन्सर काढून कर्कश नळी बसवूं नये, कारण ज्या यंत्राची थोरवी त्याच्या तोलांत आहे, त्याची गोंगाटानें शोभा जाते, आणि शेजारच्या आजारी माणसाची झोंपहि जाते.

मुलांच्या या हौशीस ‘खूळ’ म्हणून झिडकारूं नये. ज्या वयांत नव्याची ओढ असावयाची, त्या वयांत त्यांना जुन्यांतील घाट व प्रमाण आवडतें, ही समाधानाची गोष्ट आहे. आवड त्यांची, तर अनुभव आपला. दोघांत पाव फेऱ्याचें अंतर राहिलें तरी हरकत नाहीं. घराचा तोल त्यानेंच साधत असतो.