रात्री मुलांजवळ कोण असते?

आज, १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाचे फलक शाळाशाळांतून लागतील. दिवाळीच्या सुट्टीतल्या निवासी शिबिरांच्या जाहिरातीही याच सुमारास सुरू होतात. पालक तिकडे वळतात ते उगाच नाही. दहा ते एकोणीस वयोगटातील दर सात मुलांमागे एकाला मानसिक विकाराला तोंड द्यावे लागते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पोर दार लावून बसते आणि काय बिनसले ते आईबापांना कळत नाही.

चांगल्या शिबिराची ताकद बौद्धिकांत नसते. राष्ट्र सेवा दलाने १९४१ पासून, आणि पुढे अनेक संस्थांनी, महाराष्ट्राला शिबिरांची सवय लावली. त्यांत श्रमदान होते, खेळ आणि गाणी होती, भांडी घासायच्या पाळ्या होत्या. समोर बसवून विचारले तर तोंड न उघडणारा मुलगा पातेल्याची खरवड काढता काढता शेजारच्या दादाला सांगून टाकतो, की मला सायन्स नको आहे, की बाबा पुन्हा प्यायला लागलेत. हा दादा किंवा ही ताई वयाने थोडीच मोठी असते, उपदेश करत नाही आणि दिवे मालवले तरी हाकेच्या अंतरावर असते. याउलट, अनोळखी मुलांना गोल बसवून सगळ्यांसमोर मन मोकळे करायला लावणारी, किती जण रडले यावर यश मोजणारी शिबिरे कोवळ्या मनांना इजाच करतात. शुल्क भरण्याआधी पालकांनी एवढेच विचारावे : रात्री मुलांजवळ कोण असते?

हाच प्रश्न सरकारलाही विचारायला हवा. वर्षातले बहुतेक दिवस घराबाहेर राहणारी मुले आपल्याकडे लाखोंनी आहेत. आदिवासी विकास विभागाच्या पाचशेच्या आसपास सरकारी आणि जवळपास तितक्याच अनुदानित आश्रमशाळा आहेत. तिथे शेकडो मुलांमागे एक अधीक्षक, एक अधीक्षिका. धान्याचा साठा, हजेरी, तापाने फणफणलेले पोर, सगळे त्यांच्याच गळ्यात. २०२२ साली आजच्याच तारखेला ‘टेली मानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत समुपदेशन सेवा सुरू झाली. पण ज्या मुलीच्या हाती फोनच नाही, तिने तो फिरवायचा कसा? शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले. ते व्हायलाच हवे. मात्र समुपदेशक दिवसा येणार, आणि घरची आठवण रात्री येते.

साने गुरुजींनी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात मुलांच्या खोल्या झाडल्या, त्यांचे कपडे धुतले, त्यांच्यासाठी ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढले. गुरुजींच्या नावाने आपण हात जोडतो आणि त्यांनी जे काम जिवापाड केले, ते करणाऱ्या अधीक्षकाकडे मात्र कोठीवाला म्हणून पाहतो. हे बदलले पाहिजे. कोठीचा हिशेब दुसऱ्या कुणाकडे द्या. अधीक्षकाला मुलांसाठी मोकळे करा.

सुरुवात दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यापासून करता येईल. घरून परतलेल्या मुलांना तोच आठवडा सर्वांत जड जातो. काही तर परततच नाहीत. तो आठवडा प्रत्येक आश्रमशाळेत शिबिरासारखा चालवावा. तास कमी, खेळ, गाणी, परसबागेची कामे जास्त. शहरांत शिबिरे घेणाऱ्या संस्थांनी आपला अनुभव तिथे न्यावा. ताई-दादा मात्र कोरकू, गोंडी, भिली, वारली बोलणारे, शक्यतो त्याच शाळांतून शिकून गेलेले असावेत. त्यांची पोलीस पडताळणी कसून व्हावी, अधीक्षकांबरोबर त्यांचे आधी प्रशिक्षण व्हावे, मानधन आणि प्रवासखर्च आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाने द्यावा. सुट्टी तोंडावर आली आहे. आदेश ती लागण्याआधी निघायला हवा.